सूतिकेचा आहार आणि वजन: लखनौची अछवानी, महाराष्ट्राचा डिंकाचा लाडू

सामाजिक इतिहासाच्या अभ्यासात आपण दुष्काळ, उपासमार आणि कुपोषण यांवर बरेच बोलतो. या टिपणाचा विषय मात्र वरवर पाहता त्याच्या उलट आहे. बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईचे गरोदरपणात वाढलेले वजन उतरत नाही, ही आज शहरी घरांत सर्रास ऐकू येणारी तक्रार आहे. एकीकडे घरातली वडीलधारी मंडळी 'दूध यायला हवे ना, खा' म्हणून तुपाचा लाडू पुढे करतात. दुसरीकडे 'पाजलेस की वजन आपोआप उतरेल' असे आश्वासन दिले जाते. लाडू खाऊन आणि बाळाला पाजूनही सहा महिन्यांनी वजनाचा काटा तिथेच असला, की दोष आईच्याच पदरी पडतो. या दोन्ही वाक्यांना इतिहास आहे आणि तो एकाच काळातला नाही. तो पाहण्यासाठी आपण मुख्यतः लखनौ हे शहर घेऊ आणि जागोजागी महाराष्ट्राशी ताडून पाहू. मराठी माणसाला लखनौ आठवते ते बहुधा १९२६ साली पं. भातखंडे यांच्या पुढाकाराने तिथे सुरू झालेल्या संगीत महाविद्यालयामुळे. पण बाळंतिणीच्या खोलीतही या दोन प्रदेशांचे नाते बरेच जवळचे आहे.

शून्य शरीराची भीती

प्रथम जुने ग्रंथ. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात प्रसूतीनंतरच्या उपचारांचे वर्णन आहे. सूतिकेला भूक लागली की तिची शक्ती पाहून तूप, तेल यांसारखा स्नेह द्यावा, त्यात पिंपळी, पिंपळमूळ, चवक, चित्रक आणि सुंठ यांचे चूर्ण घालावे. पोटाला तूप-तेल चोळून मोठ्या वस्त्राने ते गुंडाळावे. स्नेह पचल्यावर पातळ पेज द्यावी. हा क्रम पाच किंवा सात रात्री पाळावा आणि मग हळूहळू पुष्टी द्यावी. या सगळ्यामागचे कारण ग्रंथातच सांगितले आहे. गर्भाच्या वाढीने, कळा सोसण्याने आणि रक्त गेल्याने बाईचे शरीर 'शून्य' झालेले असते आणि या अवस्थेत जडलेला रोग बरा होणे कठीण. वाग्भटाने सूतिकावस्थेची मुदत दीड महिना मानली. काश्यपसंहिता हा बालक व सूतिका यांच्यासाठीचा खास ग्रंथ. नेपाळात सापडलेल्या हस्तलिखितावरून तो १९३८ मध्ये छापला गेला. त्यात तर देशपरत्वे उपचार बदलावेत असेही सांगितले आहे.

विद्यार्थ्यांनी इथे दोन गोष्टी टिपून ठेवाव्यात. पहिली, भीती आहे ती रिकामेपणाची. अंगावर चढलेल्या चरबीचा प्रश्न या ग्रंथकारांपुढे नाही. दुसरी, स्नेह द्यायचा तो मोजक्या दिवसांसाठी आणि पचेल एवढाच. पुढच्या परंपरेने पहिली गोष्ट घट्ट धरून ठेवली. दुसरीकडे तितकेसे लक्ष दिले नाही.

१८३२ ची दोन पुस्तके

लखनौच्या जनानखान्यातील बाळंतपणाचे एक जुने वर्णन मिळते ते मिसेस मीर हसन अली या इंग्रज बाईंच्या पुस्तकात. लखनौच्या एका शिया गृहस्थाशी विवाह करून त्या सुमारे बारा वर्षे हिंदुस्थानात राहिल्या आणि १८३२ मध्ये लंडनला त्यांचे पत्ररूप पुस्तक निघाले. नवजात बाळाला पहिले तीन दिवस अमलताश म्हणजे बहाव्याचा मगज, साखर आणि बडीशेपेसारख्या सुवासिक अर्काची घुटी दिली जाते, आईचे दूध त्यानंतर, असे त्या सांगतात. त्याच वर्षी, लंडनलाच, दख्खनच्या मुसलमानांच्या चालीरीतींवरचे जाफर शरीफ यांचे 'कानून-ए-इस्लाम' हे पुस्तक हर्क्लॉट्स यांच्या इंग्रजी अनुवादात प्रसिद्ध झाले. त्यातही छठी आहे, चाळीस दिवसांचा चिल्ला आहे. उत्तरेची छठी आणि आपली पाचवी-सटवाई, तिकडचा चिल्ला आणि आपला सव्वा महिना ही जुळणी सहज लक्षात येते. धर्म निराळा, भाषा निराळी, पण बाळंतिणीची खोली जवळजवळ तीच.

आता आहार पाहू. अवधात बाळंतिणीला देतात ती अछवानी: तुपात ओवा, सुंठ, सुका मेवा परतून गूळ-पाण्यात उकळलेली घट्ट, गरम, झणझणीत पेजेसारखी वस्तू. हरीरा तिचाच नातलग. शिवाय सुंठीचे लाडू, त्यांना तिकडे सोंठौरा म्हणतात, आणि गोंदाचे लाडू. आपल्याकडे डिंकाचा लाडू, हळिवाचा लाडू, बाळंतशेपा, सुंठ-गुळाच्या गोळ्या. चरकाच्या यादीतील सुंठ-पिंपळी दोन्हीकडे टिकून राहिली. मुलाच्या जन्मानंतर गायिल्या जाणाऱ्या अवधी सोहर गीतांतही सुंठ आणि पिंपळी पुन्हा पुन्हा येतात, आणि त्या कोणी कुटायच्या, कोणी द्यायच्या यावरून सासू-नणंदेशी होणारे रुसवेफुगवेही येतात.

हे रुसवेफुगवे इतिहासकाराने हसण्यावारी नेऊ नयेत. अवधातील किंवा मराठवाड्यातील सून एरवी सर्वांच्या पाठीमागून जेवणारी. तूप, गूळ, खोबरे, मेवा हे पदार्थ तिच्या वाट्याला हक्काने येत ते बाळंतपणातच. दाई सोडवायला यायची, नाउन अंगाला तेल लावायची, चूल आणि विहीर सुटायची. चाळीस दिवस संपले की हक्क संपला. जाते, पाणी, शेत पुन्हा सुरू. म्हणजे अछवानीचे तूप ज्या शरीरात जायचे ते आधी उपाशी होते आणि नंतर कष्टात जाणार होते. या दोन बाजूंच्या मध्ये ते चाळीस दिवस ठेवून पाहिले तरच त्या आहाराचा अर्थ लागतो. अर्थात सर्वांनाच हे मिळत नसे. मजुरी करणाऱ्या बाईला तूप कुठले आणि चिल्लाही कुठला; आणि मुलगी झाली की अनेक घरांत लाडवांचा डबा लहान व्हायचा, सोहरचे सूर बंद व्हायचे.

काटा नसलेले दवाखाने

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य वैद्यक बाळंतिणीच्या खोलीपर्यंत आले. आजच्या उत्तर प्रदेशात डॉ. क्लारा स्वेन यांनी १८७० मध्ये बरेलीत काम सुरू केले. १८८५ मध्ये डफरिन फंड स्थापन झाला आणि त्याच्या नावाची स्त्रियांची रुग्णालये शहरोशहरी उभी राहिली. लखनौचे डफरिन रुग्णालय आज वीरांगना अवंतीबाई यांच्या नावाने ओळखले जाते. किंग जॉर्ज मेडिकल कॉलेजची कोनशिला १९०५ मध्ये बसली आणि १९११ पासून तिथे शिक्षण सुरू झाले. त्याचेच स्त्रीरुग्णालय म्हणजे क्वीन मेरीज. इकडे आनंदीबाई जोशी यांनी १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला पदवी घेताना प्रबंधासाठी निवडलेला विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. घरच्या चालीरीतींकडे वैद्यकाच्या विद्यार्थिनीने पाहावे, ही गोष्टच त्या काळात नवी होती.

या डॉक्टरांचा सगळा रोख सूतिकाज्वरावर आणि दाईच्या हातांच्या स्वच्छतेवर होता, आणि तो रास्त होता. १९४६ च्या भोर समितीने गरोदरपण-बाळंतपणाच्या कारणांनी देशात दरवर्षी सुमारे दोन लाख स्त्रिया मरतात असा अंदाज दिला. बाई जगते की नाही हाच प्रश्न असताना तिचे वजन किती उतरले हे कोण विचारणार? (कॅथरिन मेयो यांनी १९२७ मध्ये याच दाईला सगळ्या हिंदुस्थानी समाजाच्या मागासलेपणाचे प्रतीक बनवले. तो वेगळ्या पाठाचा विषय आहे. इथे एवढेच सांगतो की दाईवर तुटून पडणाऱ्यांनी नाउनची मालीश आणि चाळीस दिवसांची विश्रांती यांचा हिशेब सहसा केला नाही.)

आहाराकडे लक्ष गेले ते मुंबईत. लुसी विल्स १९२८ मध्ये मुंबईत आल्या आणि गिरणी कामगार स्त्रियांमधील गरोदरपणातील पंडुरोगाचा त्यांनी अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने हा पंडुरोग बरा होतो असे त्यांनी १९३१ मध्ये दाखवले. त्यातला उपयुक्त घटक पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. याच सुमारास मुंबई विधिमंडळात प्रसूतिकालीन लाभाचे विधेयक आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये त्याला पाठिंबा दिला आणि १९२९ मध्ये कायदा झाला. घरच्या चाळीस दिवसांच्या विश्रांतीला कारखान्याच्या जगात मिळालेले हे पहिले कायदेशीर रूप म्हणता येईल, जरी त्यातली मुदत सव्वा महिन्याएवढी नव्हती.

लाडवाचा हिशेब

१९३७ मध्ये कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेतून एक्रॉइड यांची हिंदी अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका निघाली. तेव्हापासून अछवानी काय किंवा लाडू काय, कॅलरीत मोजता येऊ लागले. पुढे १९६४ मध्ये हिटन आणि लाइच यांनी गरोदरपणाच्या शरीरक्रियेवर ग्रंथ लिहिला. त्यातून जे चित्र रुजले ते असे: निरोगी, पोटभर खाणाऱ्या बाईचे वजन गरोदरपणात सुमारे साडेबारा किलो वाढते, त्यातील साडेतीन किलोंच्या आसपास निव्वळ चरबी असते आणि ती म्हणजे पाजण्याच्या काळासाठी शरीराने ठेवलेली शिल्लक. बाळ, वार आणि गर्भजल मिळून पाच-एक किलो प्रसूतीच्या दिवशीच जाते, साठलेले पाणी पुढच्या काही आठवड्यांत जाते; रेंगाळते ती ही चरबी.

अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या २००४ च्या अहवालात हा हिशेब स्पष्ट मांडला आहे. पहिल्या सहा महिन्यांत पूर्णपणे अंगावर पाजताना रोज सुमारे ६७५ कॅलरी खर्च होतात. त्यातील १७० अंगावरच्या चरबीतून येतील असे धरले, तर जेवणातून रोज ५०५ कॅलरी जादा हव्यात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा आकडा थोडा वरचा, ६०० कॅलरींचा आहे.

आता एक लाडू घ्या. पन्नास ग्रॅमच्या डिंकाच्या लाडवात पंधरा ग्रॅम तूप धरले तर त्याच्याच १३५ कॅलरी. पंधरा ग्रॅम गुळाच्या साधारण ५७. उरलेल्या वीस ग्रॅम खोबरे, खारीक, डिंक यांच्या ऐंशी धरा. बेरीज २७० च्या घरात जाते. म्हणजे सकाळ-संध्याकाळ एकेक लाडू खाल्ला की पाजण्याची सगळी जादा गरज भागली. त्यानंतर नेहमीच्या पोळीवर सोडलेले तूप, रात्रीचे दूध, खिरीची वाटी हे सगळे शिलकीत जमा होते आणि चरबीतून जायचे १७० जात नाहीत. यात आईची हाव वगैरे काही नाही. पाजताना भूक खरोखरच वाढते, झोप मोडते, हालचाल कमी होते. आणि समोर येणारे ताट उपाशी बाईच्या मापाने वाढलेले असते.

एकाच वॉर्डात दोघी

मग ही उपाशी बाई गेली कुठे? ती गेलेली नाही. डायान कॉफी यांनी २०१५ मध्ये, २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या आधारे दाखवले की गरोदर होण्यापूर्वी ४२ टक्के भारतीय स्त्रिया प्रमाणापेक्षा कमी वजनाच्या होत्या आणि गरोदरपणात त्यांचे वजन सरासरी सातच किलो वाढत होते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाने १९९३ पासून जवळच्या सहा गावांत जो माता-पोषण अभ्यास केला, त्यातील आयांचे गरोदरपणापूर्वीचे सरासरी वजन ४२ किलोंच्या आसपास होते. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी त्याच अभ्यासातून दाखवले की भारतीय बाळ वजनाने लहान असूनही त्याच्या अंगात चरबीचे प्रमाण तुलनेने जास्त असते. 'किरकोळ अंगाची आहे, हिला काय होणार' हे आपले नेहमीचे वाक्य या निष्कर्षापुढे टिकत नाही.

देशात २००५-०६ मध्ये कमी वजनाच्या स्त्रिया ३५.५ टक्के आणि जादा वजनाच्या १२.६ टक्के होत्या. २०१९-२१ मध्ये ते आकडे १८.७ आणि २४ झाले. उत्तर प्रदेशात याच शेवटच्या पाहणीत दोन्ही गट जवळजवळ सारखे, म्हणजे प्रत्येकी पाचातली एक असे निघाले. लखनौच्या कोणत्याही मोठ्या प्रसूतिगृहात शेजारशेजारच्या खाटांवर या दोघी असू शकतात, आणि दोघींच्या डब्यात घरून सोंठौराच येतो. एकीला तो कमीच पडतो. दुसरीला नकोसा होतो, पण नाही म्हटले तर दूध आटेल ही भीती घातली जाते.

या भीतीला आधार किती? दूध हे आईच्या ताटावर वाटते तेवढे अवलंबून नसते. डॉ. सी. गोपालन यांनी १९५० च्या दशकात दक्षिण भारतातील गरीब स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात आणि पुढे गॅम्बियातील खेड्यांत केंब्रिजच्या संशोधकांनी केलेल्या अभ्यासात हेच दिसले की अगदी अपुऱ्या आहारावरही आया बाळांना पाजत राहतात. किंमत मोजते ते त्यांचे स्वतःचे शरीर. उलट बाजूने, अमेरिकेत २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या लव्हलेडी यांच्या प्रयोगात जादा वजनाच्या, पाजणाऱ्या स्त्रियांनी रोज ५०० कॅलरी कमी केल्या आणि व्यायाम केला. दहा आठवडे त्यांचे वजन आठवड्याला सुमारे अर्धा किलो उतरले आणि बाळांच्या वाढीत फरक पडला नाही. हा निष्कर्ष जादा वजनाच्या, आधी पोटभर खाणाऱ्या बाईसाठी आहे. शेजारच्या खाटेवरच्या कृश बाईला तोच सल्ला देणे धोक्याचे ठरेल.

'पाजलेस की उतरेल'

हे दुसरे वाक्य तुलनेने नवे आहे. डब्याच्या दुधाच्या जाहिरातींविरुद्ध १९७० च्या दशकात जगभर चळवळ उभी राहिली. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची आचारसंहिता आली आणि भारतात १९९२ मध्ये बालदुग्ध पर्यायांवरचा कायदा झाला. स्तनपानाच्या प्रचारात बाळाच्या फायद्यांबरोबर आईच्या फायद्यांची यादी आली आणि त्यात 'वजन उतरते' हे कलम बसले. प्रचाराचा हेतू चांगला होता. कलम मात्र जरा सैल होते. अमेरिकेच्या वैद्यक संस्थेने १९९१ मध्येच नोंदवले होते की पाजणाऱ्या स्त्रियांचे वजन पहिल्या चार ते सहा महिन्यांत सरासरी दरमहा ०.६ ते ०.८ किलो उतरते आणि सुमारे वीस टक्के स्त्रियांचे उतरतच नाही किंवा वाढते. पाचातली एक! हे वाक्य भित्तिपत्रकांवर कधी आले नाही. डेन्मार्कमधील मोठ्या पाहणीतून २००८ मध्ये पाजण्याचा फायदा दिसला खरा, पण वाढलेले वजन सहा महिन्यांत पुरते जाईल ते बारा किलोंच्या आसपास वाढ झालेल्या आणि सहा महिने पूर्ण अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांचे, अशी ती मांडणी होती.

लखनौचा आणखी एक धागा इथे जोडायला हवा. बाळंतपणानंतरच्या वजनाचा ठपका अनेकदा गर्भनिरोधक गोळीवर ठेवला जातो, आणि इस्ट्रोजेन असलेली गोळी दुधावर परिणाम करू शकते म्हणून पाजणाऱ्या आईला ती सुरुवातीला देतही नाहीत. गोमतीकाठच्या छत्तर मंझिलमध्ये १९५१ मध्ये सुरू झालेल्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने यावर वेगळी वाट शोधली: सेंटक्रोमन, स्टिरॉइड नसलेली गोळी. १९९१ पासून ती 'सहेली' या नावाने बाजारात आली आणि २०१६ मध्ये 'छाया' या नावाने सरकारी कार्यक्रमात घेतली गेली. पाजणाऱ्या आईलाही ती चालते. नवाबांच्या ज्या महालात एकेकाळी जनाना राहत असे, तिथेच हे संशोधन झाले, हा योगायोग सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आता सरकारी व्यवस्थेकडे पाहू. प्रसूतीनंतर आशा कार्यकर्ती घरी येते: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, बाळ घरी जन्मले असेल तर पहिल्या दिवशीही. या घरभेटींचे मूळ गडचिरोलीत आहे, डॉ. अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९० च्या दशकात तिथे नवजात बालकांच्या घरगुती देखभालीचा प्रयोग केला, १९९९ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि २०११ पासून तो देशभर राबवला गेला. आशाच्या पिशवीत काटा असतो, तो बाळासाठी. आईला विचारायचा प्रश्न असतो: चोवीस तासांत पोटभर जेवण किती वेळा झाले? चारपेक्षा कमी असेल तर तिला आणखी जेवायला सांगायचे. गडचिरोलीच्या आईसाठी हा प्रश्न अगदी योग्य होता आणि उत्तर प्रदेशातील अनेक घरांत आजही योग्यच आहे. नवजात बालकासाठीच्या या भेटी संपतात त्या बेचाळिसाव्या दिवशी. वाग्भटाचा दीड महिना, लखनौचा चिल्ला आणि आपला सव्वा महिना यांच्या अगदी जवळ. वजन उतरत नाही ही तक्रार सुरू होते ती त्यानंतर, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात.